मोडीतलं इंजिन

माझ्या भावाकडे इंजिन होतं आणि माझ्याकडे नव्हतं. गोष्ट एवढीच आहे बघा, पण ती मला साठ वर्षं पुरली.

इंजिन म्हणजे खेळण्यातलं. पण आता मिळतात तसलं, सेल घातले की कोकलणारं, नव्हे. खरोखर वाफेवर चालणारं होतं. दीड वीत लांब लोखंडी बैठक, तिच्यावर आडवी निजवलेली पितळी टाकी, आपली लहान चरवी कुणी कुशीवर झोपवावी तशी. टाकीखाली स्पिरीटचा दिवा. टाकीत पाणी घालायचं, दिवा लावायचा. पाणी उकळलं की वाफ एका बारीक नळीतून पुढच्या नळकांड्यात जायची, तिथला दांडा मागंपुढं व्हायचा आणि बाजूचं लाल चाक गरगर फिरायचं. ते रुळावरून धावायचं नाही, पिठाच्या गिरणीसारखं जागच्या जागी फिरायचं. टाकीच्या डोक्यावर शिट्टी होती. करंगळीच्या पेराएवढी, पण वाजली की क्वार्टरमागची कुत्री उठून उभी राहायची.

आमचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, हिंगोलीवरून जाणाऱ्या छोट्या गाडीवर फायरमन होते. फायरमन म्हणजे इंजिनात कोळसा घालणारा माणूस. त्यांचे एक ड्रायव्हरसाहेब नोकरी सोडून कायमचे परदेशी निघाले, तेव्हा त्यांनी घरातलं सामान ज्याला त्याला वाटून टाकलं. कुणाला खुर्ची मिळाली, कुणाला कोट. आबांना हे इंजिन. आबा ते फडक्यात बांधून घरी घेऊन आले. मी दारातच उभी होते, नऊ वर्षांची. भाऊ सहा वर्षांचा, आत झोपलेला. आबांनी मला बाजूला सारलं, आत जाऊन त्या झोपलेल्या पोराला उठवलं आणि म्हणाले, "ऊठ राजा, बघ तुझ्यासाठी काय आणलं."

तुझ्यासाठी. मी जागी होते, दारात होते, पुढं होते. तरी त्याच्यासाठी.

दर रविवारी, आबांची ड्यूटी नसली तर, अंगणात कार्यक्रम व्हायचा. आबा आणि भाऊ समोरासमोर उकिडवे बसायचे. मला काम होतं. पाणी आणायचं, काडेपेटी आणायची, फडकं धरून उभं राहायचं. पुढं सरकले की आबा म्हणायचे, "माघं हो गं, परकर पेटंल." भाऊ चड्डीवर बसलेला असायचा, त्याची चड्डी कधी पेटत नव्हती. शिट्टी वाजवायची वेळ आली की आबा त्याचं बोट धरून त्या दांडीवर ठेवायचे. तो वाजवायचा, दचकायचा, हसायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. ते बघणं अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. वाईट नव्हतं हो ते, लेकराचं होतं. पण मला वाटायचं, हा मला दाखवून राहिला.

आता जे सांगते ते मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

खेळ झाला की आबा इंजिनाची नळी सोडवून, सगळे भाग पुसून, कागदावर वाळत ठेवायचे. खऱ्या इंजिनाची निगा राखायची सवय ती. एका रविवारी जेवणं झाली, सगळे लवंडले. माझ्या गळ्यात औंढ्याच्या जत्रेतून आणलेली काचेच्या मण्यांची माळ होती. मी तिचा दोरा दातानं तोडला, एक निळा मणी घेतला आणि नळीच्या तोंडात घातला. बरोब्बर बसला. मग आईची गोधडी शिवायची सुई घेऊन तो आत ढकलला, वळणापर्यंत. माळेला परत गाठ मारली आणि आईशेजारी जाऊन झोपले. मला झोपही लागली, बघा. असं करून झोप लागते, हे मला तेव्हाच कळलं.

पुढच्या रविवारी मी नव्हते, मला मावशीकडे धाडलं होतं. परत आले तर इंजिन माळ्यावर गेलं होतं. मी आईला विचारलं, "इंजिन काहून वर ठेवलं?" आई म्हणाली, "बिघडलं. आन् त्याचं नाव काढू नको घरात." मी नाही काढलं. मला वाटलं होतं की मला आनंद होईल. झाला, पण दोनच दिवस टिकला. मग रविवार नुसताच यायचा आणि जायचा.

त्यानंतर माझं लग्न झालं, मी सेनगावच्या बाजूला शेतकऱ्याच्या घरी आले. आबा गेले, आई गेली. हिंगोलीला आबांनी नोकरीत असताना बांधलेलं घर होतं आणि गावाकडे थोडी जमीन. आमच्यात रीत आहे तशी मी हक्कसोडाच्या कागदावर सही केली. सगळ्या बहिणी करतात. माहेर उघडं राहावं म्हणून करतात. तहसिलात भावानं पेढा दिला, मी खाल्ला, सही केली. घर सोडलं, जमीन सोडली, मनात तिळाएवढंही आलं नाही. पण एसटीत बसल्यावर आठवलं, क्वार्टरातून आणलेलं ते इंजिन त्या घराच्या माळ्यावर आहे. तेही त्याच्याकडेच गेलं. आणि मग सेनगाव येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले. शेजारची बाई म्हणाली, "माहेरून येऊन राहिल्या का? रडा, रडा, मोकळं व्हतं." तिला काय माहीत मी कशासाठी रडतेय.

तर मागच्या उन्हाळ्यात भावाच्या घराला रंग द्यायचा होता. मी आठ दिवस मदतीला गेले. भावजय माळा रिकामा करत होती. आमची भावजय कामाला वाघीण आहे, पण तिला जुनं काही ठेववत नाही. तांब्या-पितळेचं सगळं एका पोत्यात भरून मोडीत घालायचं आणि बदल्यात नवी स्टीलची भांडी घ्यायची, असं तिनं ठरवलेलं. मी पोत्यात हात घातला. चेंबलेलं घंगाळ, बुडाला भोक पडलेली कळशी, आणि त्याच्याखाली ते. काळं ठिक्कर. चाक गंजून बसलेलं, दांडा हलत नव्हता. ओळखूच आलं नसतं. शिट्टीवरून ओळखलं.

"हे मोडीत घालतीस?" मी विचारलं.

"काय हाय ते? स्टो हाय का?"

"स्टोव्ह नव्हे. मी घेऊ?"

"न्या की अक्का. पितळ किती निघणार त्याच्यात, निसतं लोखंडच दिसून राहिलं." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "घंगाळ बी न्या वाटलं तर."

घंगाळ नको म्हटलं. भाऊ बँकेत गेला होता, पेन्शनीच्या कामासाठी. मी तो यायच्या आत इंजिन पिशवीत घातलं, वर दोन साड्या ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशीच निघाले. आठ दिवसांची आले होते, पाचव्या दिवशी निघाले. भाऊ म्हणाला, "अक्का, काही राग आला का?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, सोयाबीनचं बियाणं बघायचंय." पिशवी मांडीवर घेऊन बसले. वर जाळीवर ठेवा म्हणून कंडक्टर सांगत होता, मी ऐकलं नाही.

मनात काय होतं ते खरं सांगते. हे मी असं चकचकीत करीन, असं चालवून दाखवीन, की भाऊबीजेला भाऊ येईल आणि बघून जळेल. साठ वर्षं मी जळले, एक दिवस त्यानं जळावं. आणि भीती एकच. बघून तो म्हणाला, अरे हे तर माझंय, आण इकडं, तर? हक्कसोड मी केला होता. कागदावर ते त्याचंच होतं.

पितळ मला कळतं. आयुष्य गेलंय पितळ घासण्यात. पाडव्याला, दिवाळीला, देवाची भांडी, समया, तांबे. चिंचेचा कोळ, त्यात चुलीतली चाळलेली राख आणि चिमूटभर मीठ, काथ्यानं घासायचं. पितळ कसं हसायला लागतं! इंजिनालाही मी तेच केलं. टाकीवर कोळ थापला, अर्धा तास ठेवला आणि लागले घासायला. काळ्याच्या खालून पिवळं वर येऊ लागलं. टाकीच्या मागच्या गोल झाकणावर एक लाल ओघळ होता, रंग सांडल्यासारखा. तो काही केल्या निघेना. मी दोन दिवस त्याच्या मागं लागले. शेवटी जुन्या दात घासायच्या ब्रशानं आणि खड्यांच्या मिठानं तो काढला.

सूनबाई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "आई, देव एवढे घासले असते तर आतापर्यंत बोलले असते."

"देव माझ्या भावाला दिले न्हवते," मी म्हटलं.  तिला काही कळलं नाही, ती भाजी निवडायला लागली.

पण चिंच लोखंडाला चालत नाही, हे मी विसरले. दुसऱ्या दिवशी बघते तर बैठकीवर लालभडक गंज उमटलेला आणि चाकाचा उरलासुरला लाल रंग पापुद्रे होऊन निघालेला. मग लेकाला ट्रॅक्टरमधून वाटीभर डिझेल काढून मागितलं. सगळं लोखंड चार दिवस डिझेलात बुडवून ठेवलं. पाचव्या दिवशी चाक धरून हळूच फिरवलं, तर करकरलं. सहाव्या दिवशी अर्धा वेढा. मग शिलाई मशीनचं तेल एकेक थेंब. ज्या दिवशी चाकाबरोबर दांडा मागंपुढं झाला, त्या दिवशी मी एकटीच हसले. मालक असते तर म्हणाले असते, म्हातारीला याड लागलं.

टाकीत पाणी घालून बघितलं तर मागच्या झाकणाच्या सांध्यातून थेंब थेंब गळत होतं. पूर्वी कल्हईवाले यायचे दारावर, ते सांधे बुजवून द्यायचे. आता कुठले कल्हईवाले? सेनगावात एकानं सांगितलं, मावशी, वारंगा फाट्याला ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करणारा आहे, तो पितळेचा सांधा कथिलाचा डाग देऊन बुजवतो, तुमचं काम त्याच्याच हातचं. गेले. हिंगोलीत गाडी बदलली आणि भावाच्या घरावरून गेले तरी उतरले नाही. गाडी त्याच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली तेव्हा पदर डोक्यावरून पुढं ओढला.

फाट्यावर ट्रकच्या रांगा, चहाच्या टपऱ्या, आणि एका पत्र्याच्या शेडमध्ये तो मिस्त्री. पांढरी दाढी, हातात पेटती फुंकणी. त्यानं इंजिन हातात घेतलं आणि बराच वेळ उलटसुलट करून बघितलं.

"अम्मा, ये किस गाडी का है?" म्हणाला.

"मेरे बाप की गाडी का," मी म्हटलं. माझं हिंदी असंच आहे.

तो हसला. झाकणाच्या सांध्यावर त्यानं छान गोल डाग दिला, रेडिएटरला देतात तसा. मग नळीत फुंकून बघितलं. फुंक जाईना. तार घातली, जाईना. मला म्हणाला, "अंदर कुछ बैठा है." मला माहीत होतं काय बसलंय. मी शेडच्या पत्र्याकडे बघत राहिले. त्यानं नळी तापवून सोडवली, आपटली, परत तापवली, आपटली. आणि लाकडाच्या फळीवर टुणकन काहीतरी पडलं.

"ये देखो," म्हणाला. "मोती है."

मोती नव्हता. निळा मणी होता. साठ वर्षं काळोखात आणि गंजात राहून तस्साच निळा. त्यानं माझ्या तळहातावर ठेवला. मी पदराच्या टोकाला बांधला आणि गाठ मारली. साडी बदलली की गाठही नव्या पदराला.

"बच्चे ने डाला होगा," मिस्त्री म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "बच्चे ने."

जाताना त्यानं बजावलं, "पानी बराबर रखना अम्मा. सूखा जलेगा तो मेरा टांका निकल जाएगा."

घरी येऊन मी ते चालवून बघितलं. स्पिरीट कुठलं? लॉकडाऊनमधली सॅनिटायझरची बाटली कपाटात होती, तीच दिव्यात ओतली. वात मी निरांजनाची वळते तशीच वळली, जराशी जाड. पाणी किती घालायचं ते काही कळेना. कोरडं पडू नये म्हणून टाकी काठोकाठ भरली. इंजिन फिरलं, पण कसं? नळकांड्यातून गरम पाण्याच्या पिचकाऱ्या उडवत, थांबत, उचक्या देत. सूनबाई पळाली. शिट्टी दाबली तर तिच्यातूनही पाणीच आलं, आवाज नाही. तरी चाक फिरलं होतं. मी पदरानं टाकी पुसली, फडकं टाकलं आणि भाऊबीजेची वाट बघत बसले.

भाऊबीजेला भाऊ आला. एकटाच, भावजय तिच्या भावाकडे गेलेली. मी पाट मांडला, ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवायला पिशवीत हात घातला.

"थांब," मी म्हटलं. "साडी ऱ्हाऊ दे. आधी हे बघ." आणि फडकं काढलं.

दुपारचं ऊन दारातून थेट त्याच्यावर पडत होतं. असं चमकलं ते, की मी स्वतःच डोळे बारीक केले.  भाऊ पाटावरून उठून खाली बसला, सहा वर्षांचा असताना बसायचा तसाच उकिडवा. गुडघे मोडले त्याचे कटकन. चाकाला हात लावला, दांड्याला लावला. मग टाकीच्या मागं बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

"लाल रेघ कुठाय?"

"कोणची रेघ?"

"आबाची रेघ. पाण्याची. हितं झाकणावर आबानं लाल रंगानं मारलेली. शिट्टी काढून भोकातून काडी घालायची, पाणी इथवर, याच्यावर न्हाई."

तो ओघळ. दोन दिवस मिठानं घासून काढलेला. आबांच्या हातची खूण होती ती, आणि मला माहीत नव्हतं, कारण मला कधी तेवढं जवळ बसूच दिलं नव्हतं. बघा, मी घासून घासून माझ्याच बापाचा हात पुसला. आणि तेही त्याला माहीत होतं आणि मला नव्हतं. परत तेच. 

"घाण वाटली मला," मी म्हटलं. "निघाली."

तो म्हणाला, "जाऊ दे. मला याद हाय." उठून स्वयंपाकघरात गेला, आपणच एक कप शोधून आणला, कान असलेला लहान. "आबाच्या कपानं दीड कप." पाणी मोजून घातलं, दिवा लावला.  पाणी तापल्याचा आवाज यायला लागला. मग त्यानं चाकाला बोटानं हलकेच ढकललं, आणि इंजिन चाललं. उचकी नाही, पिचकारी नाही. चुक चुक चुक चुक, असं एकसारखं, शिवणयंत्रापेक्षा मऊ. सून दारात आली, लेक आला. भाऊ हसत होता आणि त्यानं माझ्याकडे बघितलं, साठ वर्षांपूर्वीसारखंच.

मी म्हटलं, आता विचारावं. "साडी नको मला. ओवाळणीत हे दे."

"हे?" म्हणाला. "ठेव की अक्का. तुलाच ऱ्हाऊ दे. माझ्या घरी पडूनच व्हतं."

एवढं सोपं. एक क्षण विचारसुद्धा नाही केला त्यानं. ज्याच्यासाठी मी साठ वर्षं जळले, ते त्यानं घंगाळासारखं दिलं. मला वाटलं होतं, तो नाही म्हणेल, मग मी भांडेन, मग मी रडेन, मग मला मिळेल. त्यानं मला जिंकूच दिलं नाही. आणि मला त्याच्या त्या मोठ्या मनाचाही हेवा वाटला. हसू नका, खरं सांगते. म्हटलं, हा जळत कसा नाही?

म्हणून मी पदराची गाठ सोडली. तो जळावा म्हणूनच सोडली, पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. मणी पाटावर ठेवला.

"हे काय?"

"तुझं इंजिन बंद कशानं पडलं व्हतं, ते. मी घातला व्हता नळीत. सुईनं."

इंजिन चालूच होतं. भावानं मणी उचलला, उन्हात धरला, परत ठेवला.  मग म्हणाला, "तू मावशीकडं व्हतीस त्या टायमाला."

"व्हय."

"मग तुला ठाऊक नसंल. आबानं फुंकून बघितलं अन् म्हनले, यात कायतरी घातलंय. मला इचारलं, काय घातलंस? मी म्हनलो, काही न्हाई. परत इचारलं. परत म्हनलो, न्हाई. मग मारलं मला." त्यानं गालाला हात लावला, नकळत. "आबानं कधी हात न्हाई उचलला अक्का, त्या एका डावाबिगर. म्हनले, इंजिनाला तुझ्याबिगर कोनी हात लावत न्हाई, मग तूच खोटारडा. माळ्यावर ठेवलं. त्याच्याबाद आबा माझ्यासंगं रविवारी बसले न्हाईत. कधीच न्हाई."

लेक आणि सून आत निघून गेले.  मला हात लावायची मनाईच होती, म्हणून माझ्यावर कुणाचा संशयही आला नाही. मला वाटायचं, मी इंजिन बंद पाडलं. मी त्याचे सगळे रविवार बंद पाडले होते.

"मला हेवा वाटायचा तुझा," मी म्हटलं. 

तेव्हा तो पेटला. मी त्याला एवढं रागावलेलं बघितलं नाही कधी. "माझा? माझा काहून? अगं, डबा घेऊन ठेसनावर कोन जायचं? मी का तू?"

मी जायचे. गाडी हिंगोलीला पाणी घ्यायला थांबायची तेवढ्यात आबांना डबा पोचवायचा. आई मलाच धाडायची. अनवाणी, उन्हात, खडीवरून. ते मला काम वाटायचं. पाय भाजायचे.

"आन् आबा तुला वर उचलून घ्यायचे," भाऊ म्हणाला. "खऱ्या इंजिनावर. तुझ्या हातानं शिट्टीची साखळी वढायचे. मी क्वार्टरात खिडकीला उभा ऱ्हायचो. ती शिट्टी ऐकली की आई म्हनायची, बघ, तुझी अक्का वाजवून राहिली. रोज. मला एक डाव बी न्हेलं न्हाई कोनी. म्हनायचे, ल्हान हाय, चाकाखाली जाईल. मला हे खेळनं देऊन बसवलं. खरं इंजिन तुझ्याकडं व्हतं अक्का."

मला आठवत होतं. काळं तोंड, त्यात आबांचे पांढरे दात, काखेत धरून उचललेलं, भट्टीची आच, आणि डोक्यावरची साखळी, माझ्या हातावर त्यांचा हात. एवढं सगळं आठवत होतं, आणि मी ते कधी माझ्या बाजूला धरलंच नव्हतं. डोळ्यांत कोळशाची कणी गेली होती एकदा, तेवढीच मी धरून ठेवली होती.

दिव्यातलं संपत आलं, चाक हळू पडू लागलं. भावानं शिट्टीकडे बोट नेलं आणि माझंही बोट तिकडंच गेलं. दोघांची बोटं एकमेकांवर आपटली. तो थांबला नाही, मीही नाही. शेवटी मीच हात मागं घेतला. त्यानं वाजवली. मोठी, लांब, वाफ संपेपर्यंत. आमच्या गल्लीतली कुत्री उठली.

मग त्यानं खिशातून रुमाल काढला, शिट्टीवर गुंडाळला आणि ती फिरवून सोडवली. गार होईपर्यंत रुमालात धरली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

"इंजिन तुझं," म्हणाला. "शिट्टी माझी."

"अरे, पन..."

"पन न्हाई. तू लई वाजवली."

आणि मणी माझ्याकडे सरकवून, साडी ताटात ठेवून, चहा पिऊन निघून गेला. चहा मात्र प्याला, बघा. दोन कप.

आता इंजिन माझ्या खोलीत फळीवर आहे. दर शनिवारी पुसते, चिंच लावत नाही. पण चालत नाही. टाकीच्या डोक्याला शिट्टीच्या जागी भोक आहे, सगळी वाफ तिथून निघून जाते. मी एकदा कणकेचा गोळा दाबून बसवला, उकडीच्या भांड्याचं तोंड बंद करतो तसा. पाणी तापलं आणि तो गोळा फट्‌दिशी सुटून छताला जाऊन चिकटला. सूनबाई अजून तो डाग पाहुण्यांना दाखवते. खोबरेलाच्या बाटलीचं बूच लावून बघितलं, तेही उडालं. म्हणजे भाऊ आल्याशिवाय ते चालणार नाही, आणि शिट्टी एकटी खिशात काय कामाची? हे त्याला तेव्हाच माहीत असणार. इंजिन त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याचंही मला अजून लागतं.

परवा त्याला फोन केला, असाच, तब्येत विचारायला. म्हटलं, "शिट्टी कुठं ठेवलीस?"

"खिशातच हाय. बँकेत जाताना बी संगं असती."

"वाजवतोस का?"

"फुंकतो कधी कधी. लेकरं घाबरतेत."

म्हणजे तो वाजवतो. माझ्याशिवाय, फुंकून, पाहिजे तेव्हा. मी म्हटलं, बरं आहे, ठेवते फोन. आणि फडकं घेऊन इंजिनाशी जाऊन बसले. पुसता पुसता बोट त्या भोकात जातं, दरवेळी. तिथं धार आहे जराशी, टोचते.